शेवटच्या नोंदीची वेळ

३ मार्च, सोमवार

शी! दुकानाचा वास अजून हाताला आहे. गोंद, चामडं, प्लास्टर. तीनदा साबण लावला तरी जात नाही.

दादाला जाऊन तेरा दिवस झाले. आखूड, वाकड्या, एकसारख्या नसलेल्या पायांसाठी बूट बनवायचा तो, भारतापासून इतक्या लांब या बेटावर. गिऱ्हाइकांच्या पायांचे साचे अजून फळीवर रांगेत उभे आहेत. वहिनी दाराशीच थांबली. "हे सगळं कुणीतरी उचलून न्या बाई. आणि तो कॉम्प्युटर महिनाअखेरीला विकायचा. मला बघवत नाही." मी म्हटलं, त्यात दोनशे माणसांची मापं आहेत. मागच्या गल्लीतला बूटवाला ती गिऱ्हाइकं घ्यायला तयार आहे, पण त्याला मापं कागदावर हवीत. "मग काढ तू," ती म्हणाली.

काढीन. पण खरं कारण मापं नाहीत. इथे लिहायला हरकत नाही.

दादा गेला तेव्हा दुकानात एकटा होता. कारागीर – सगळे त्यांना मामा म्हणतात – बाराला चामडं आणायला गेले ते तीनला परतले. डॉक्टर संध्याकाळी उगवले. "सकाळपासून तीनपर्यंत केव्हाही धरा," म्हणाले आणि पेनाचं टोपण शोधत बसले.

त्या दिवशी नऊला दादाचा मला फोन आला होता. "छातीत जड वाटतंय गं. एकला येतेस का प्रेशर बघायला?" येते म्हटलं. साडेबाराला फार्मसीतून सुटले, घरी गेले आणि आडवी झाले. कंटाळा आला! त्याला दर आठवड्याला कुठेतरी जड वाटायचं.

तो एकच्या आधी गेला असेल, तर मी जाऊनही काही झालं नसतं. नंतर गेला असेल तर –

दादा हातातलं माप – गिऱ्हाइकाच्या पायाचं असो की साच्यावरून घेतलेलं – ताबडतोब कॉम्प्युटरवर चढवायचा. नोंदीवर वेळ आपोआप पडते, हे त्यानेच एकदा सांगितलं होतं.

४ मार्च

त्याने चित्रंबित्रं असलेला प्रोग्रॅम का नाही वापरला? एक काळी खिडकी, त्यात एक टिचभर रेघ लुकलुकते. बटण नाही, यादी नाही. आपण हुकूम टाइप करायचा. चुकलं तर एका ओळीत अपमान.

भिंतीवर त्याच्या अक्षरातला हुकुमांचा कागद चिकटवलेला होता. तसं केलं. फाइल उघडली – रिकामी! एकही टेबल नाही. डोकंच फिरलं. वहिनीला फोन केला, "तू काही पुसलंस का?" ती म्हणाली, "मी त्याला बोटही लावलेलं नाही. आणि असं विचारतेस कसं गं?" ठेवून दिला.

५ मार्च

चूक माझीच. चुकीच्या फोल्डरमधून उघडली होती. त्या नावाची फाइल तिथे नसली की हे साधन गुपचूप नवी कोरी फाइल बनवतं आणि ब्र काढत नाही. किळस आली. वहिनीची माफी मागितली नाही.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस अर्धविरामात गेले! हुकूम बरोबर, पण एन्टर मारलं की पुढच्या ओळीवर तीन टिंबं. पुन्हा मारलं, पुन्हा तीन टिंबं. ढिम्म. शेवटी कागदाच्या तळाशी दादाने लाल पेनाने लिहिलेलं दिसलं – "शेवटी अर्धविराम. तो बघितल्याशिवाय हा हलत नाही." दिला. आणि धबधबा सुरू झाला.

टेबलाचं नाव त्याने ठेवलंय "पाय". एका पायाला एक ओळ. लांबी, रुंदी, टाच, शेरा. शेरे असे – "अंगठा वर. स्वभावही तसाच." "डावा दोन सेंटिमीटर कमी. याला हे कुणी सांगितलेलंच नाही, मीही नाही सांगितलं." हसू आलं. मग त्या अंधाऱ्या खोलीत एकटीच हसतेय याची शिसारी आली. उठले.

८ मार्च

धीर केला. वेळेनुसार उलटं लाव आणि एकच ओळ दाखव, असा हुकूम दिला. तीनदा वाचून मगच एन्टर. फार्मसीत बाटलीवर लेबल लावतानाची सवय.

अठरा फेब्रुवारी. ०९:५२. डावा पाय. शेरा – "साच्यावरून." उजव्याची ओळच नाही.

दादा जोडीतला एक पाय सोडून उठणारा माणूस नव्हता. म्हणजे तो मधेच कोसळला. दहाला आठ मिनिटं कमी असताना. मी तेव्हा काउंटरवर खोकल्याचं औषध देत होते. मी एकला गेले काय, न गेले काय!

किती दिवसांनी पोटभर जेवले. आणि जेवता जेवता लक्षात आलं – दहाला तर मामा दुकानात होते. बारापर्यंत होते, असं स्वतःच सांगतात.

९ मार्च, रविवार

आज मामांना बोलावलं. वहिनीलाही.

"मामा, तुम्ही निघालात तेव्हा दादा कसा होता?"

"बसले होते की. चहा घेतला. माझ्या चष्म्याची टिंगल करत होते."

"दादा दहाच्या आधीच पडला होता. कॉम्प्युटर सांगतोय."

ते काळ्या खिडकीकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. "नाही ताई. मी बाराला निघालो. मालकांनीच जा म्हटलं."

"मेलेला माणूस जा म्हणतो?"

हे मी बोलले. माझ्या तोंडून निघालं. वहिनी किंचाळलीच, "त्यांना पडलेलं बघून तुम्ही निघून गेलात? एकवीस वर्षं पगार खाल्लात!" मामांनी एप्रनची गाठ सोडली. किल्ली एका साच्यावर ठेवली आणि गेले.

खोटारडा माणूस असाच गप्प बसतो. मला तर मागे राहिलेल्या त्यांच्या कामाच्या चपलांकडेही बघवेना.

१० मार्च

आता वहिनी रोज फोन करते. आम्ही दोघी मिळून मामांना शिव्या देतो. इतकं बोलणं आमचं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

बूटवाला यादीसाठी घाई करतोय. वर लाडात म्हणतो, "ताई, मापं ज्या तारखेची, ती तारीख-वेळही टाका हं. जुनी असतील तर पाय पुन्हा मोजावे लागतील." मोजा की! फुकट दोनशे गिऱ्हाइकं मिळतायत तरी कपाळाला आठ्या. उद्या सगळी वेळेसकट काढून देते आणि या घाणीतून सुटते.

१३ मार्च

यादी काढली. तीनशे शहाण्णव ओळी. वाचता वाचता अडखळले.

निवृत्त पोस्टमन, उजवा पाय – पहाटे सव्वापाच. शाळेतल्या बाई, दोन्ही पाय – पाच चाळीस. रविवार सोडून कितीतरी दिवशी कुणी ना कुणी पहाटे पाचला पाय मोजून घेतलाय. दुकान नऊला उघडतं! आणि दुपारी दोननंतर वर्षभरात एकही नोंद नाही, पण दादा तर सहापर्यंत बसायचा.

तासभर माहिती वाचली. हे साधन वेळ इथल्या घड्याळाने लिहीतच नाही. जगासाठी ठरवलेल्या एका घड्याळाने लिहितं, आणि ते आपल्या बेटाच्या घड्याळापेक्षा चार तास मागे आहे; भारतात असतो तर साडेपाच. इथली वेळ हवी तर हुकुमात तसं वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

सांगितलं. अर्धविराम दिला.

१३:५२.

पाच वेळा तोच हुकूम दिला.

१४ मार्च

मी एकला गेले असते तर तो खुर्चीत बसलेला असता. दंडाला पट्टा बांधला असता. आकडा बघून गाडी बोलावली असती. चांगली बावन्न मिनिटं होती.

वहिनीचा फोन आला. "त्या मेल्याची पोलिसांत तक्रार करायची का गं?" मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

१५ मार्च, शनिवार

मामांच्या घरी गेले. जिन्याखालची खोली. ते गुडघ्यात साचा धरून चामडं ताणत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं – चार तासांचा फरक, एक बावन्न, मी कबूल करून गेले नाही ते.

त्यांनी वर पाहिलं नाही. "ठाऊक आहे, ताई. 'एकला बहीण येतेय, मी काही एकटा नाही, तुम्ही जा,' असं म्हणाले मालक. म्हणून तर गेलो."

"मग त्या दिवशी वहिनीसमोर का नाही बोललात?"

"तुम्हा दोघींना जन्मभर एकमेकींचं तोंड बघायचंय. मला काय, दुसरं दुकान मिळेल."