जोडी नसेल तर पॅक

आप्पा, तुमच्या एका नियमापायी माझी रविवारची खुर्ची जायची वेळ आली होती. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्यावर चिडायला मला काही अडत नाही.

आमच्या इमारतीच्या खाली एक हॉल आहे. तिथे दर रविवारी संध्याकाळी आमचे हे आणि तीन शेजारी तीन पत्ती खेळायचे. सगळे नोकरीतून निवृत्त झालेले, पैशाला हात न लावता चिंचोके लावून खेळायचे. हे गेले, त्यानंतर वर्षभराने तिघंही दारात आले. "वहिनी, चौथा गडी पायजे. या की." मी गेले. आठवड्यातले तेवढेच दोन तास माझ्याशी कुणी तोंड बारीक करून बोलत नाही. ते हातचे जाऊ नयेत म्हणून मी अगदी तुम्ही शिकवलं तसंच खेळते. आणि मागच्या महिन्यात त्यांच्यातले बँकेतले साहेब पत्ते पिसता पिसता म्हणाले, "राग मानू नका वहिनी, पण तुमच्यासंगं मजा येईना झालीय. तुमची चाल म्हंजे सरकारी नोटीस. आली की खरीच असणार. आमी लगेच पानं टाकून पॅक." बाकीचे दोघं हसले. मग त्यातला एक म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर नवीन गृहस्थ राहायला आलेत, त्यांना विचारायचं का? हसतच म्हणाला, पण म्हणाला.

नियम तुमचाच. दुधनीच्या घरातलं स्वयंपाकघर, आई ज्वारी निवडतेय, आणि तुम्ही आडतीच्या दुकानातून येऊन, हातपाय धुऊन, माझ्यासमोर चिंचोक्यांचा डबा ओतता. मी दहा वर्षांची. पानं एकदाच बघायची, सारखी उघडून बघायची नाहीत. जोडी नसेल तर पॅक. मोठा डाव हरलं की पुढचा डाव सोडायचा, उठून पाणी प्यायचं. आणि 'अजून एक राजा आला असता तर' असं कधी बोलायचं नाही. एकदा मी चिडून पत्ते भिरकावले, तर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पानं वाईट न्हवती. तू वाईट खेळलीस. उचल." बावन्नच्या बावन्न मी उचलली, एक चुलीमागं गेलं होतं तेसुद्धा. पॅक करताना तुम्ही कानडीत "साकु" म्हणायचात, म्हणजे पुरे. दहापैकी सात डावांना साकु. एवढ्याशा सवयी, पण महिनोन् महिने रोज तेच करून करून मी सुधारले, हे मान्य आहे. दिवाळीत मामाचा डबा मी एकटीने रिकामा केला होता. पण आप्पा, त्या सवयी लावताना एवढं तरी सांगायचं होतं, की असं खेळणाऱ्याला समोरचे महिन्याभरात ओळखून बसतात!

ते मला वाचनालयातल्या पुस्तकात सापडलं. यांच्या दवाखान्याच्या दिवसांत बाकावर बसून वाचायची सवय लागली, ती सुटली नाही. पत्त्यांवरचं पुस्तक होतं. अधूनमधून हातात काही नसतानाही चाल करावी, असं त्यात होतं. वाचून मला तुमचाच राग आला. मग दहा डावांतून एक डाव तसा खेळायचा, असं ठरवलं. सवयच लावायची तर हीपण लावू.

काल माझ्याकडे दुर्री, पंजी आणि नव्वी आली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. साकु अगदी जिभेवर आलं होतं. मी चाल केली. बँकेतल्या साहेबांनीपण चिंचोके लावले. मी परत चाल केली, परत केली. "आली नोटीस," म्हणून त्यांनी गुलामांची जोडी खाली टाकली. "काय होतं वहिनी? दाखवा की." "दाखवत नसतात," मी म्हटलं आणि माझे कान तापले. पुढे एकदा परत तसंच केलं, तेव्हा मात्र पकडले गेले. शो झाला, माझ्याकडे सगळ्यात मोठं पान छक्की. तिघं एवढ्यानं ओरडले की वॉचमन डोकावून गेला. "वहिनी खोटं बोलाय लागल्या वो!" साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. दुसऱ्या मजल्याचं नाव कुणी काढलं नाही. उठताना म्हणाले, "पुढच्या रविवारी लवकर या. बदला घ्यायचाय." वर येऊन कुलूप काढता काढता मी यांना सांगायला तोंड उघडलं, आणि मग आत जाऊन दिवा लावला.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी आले होते, तेव्हा आपण अंथरुणावरच खेळलो. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती. तुम्ही पानं पालथी टाकलीत. "साकु. आज पानंच येत न्हाईत." माझा सगळ्यात मोठा डाव. मी आईला ओरडून सांगितलं, आप्पांना हरवलं! तुम्ही डोळे मिटून हसलात. मग पत्ते गोळा करताना मी तुमची पानं उलटून बघितली. तीन राण्या. आयुष्यभर मला एक चिंचोका फुकट न देणारे तुम्ही, आणि जाता जाता ही असली भीक! मी खरंच तुम्हाला कधी हरवू शकले असते की नाही, ते आता कळायची सोय ठेवली नाहीत. मी राण्या गड्डीत मिसळल्या.

काल त्या तिघांनी विचारलं, एवढं कुणी शिकवलं. मी म्हटलं, वडिलांनी. आणि शेवटी मी त्यांनाही हरवलं होतं, असं सांगितलं.