आबांची पावले

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून घराची वैद्यकीय जबाबदारी मी घेतली आहे. कोणी दिली नाही. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात देणार तरी कोण? इथे ताप आला की लिंबू उतरवतात आणि ताप गेला की लिंबाला श्रेय देतात. मी वर्षभर मोबाइलवर ताजे वैद्यकीय संशोधन वाचतो आणि वहीत शुद्ध लिहून ठेवतो. बारावी सायन्स दोनदा हुकली, पण जीवशास्त्रात दोन्ही वेळा पास.

आजचे संशोधन : रक्तदाब मोजताना हात टेबलावर, छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. लोंबत सोडला किंवा मांडीवर ठेवला तर आकडा जास्त येतो. दोन वर्षांपूर्वी गावच्या आशा कार्यकर्त्या नीलाबाईंनी माझ्या वडिलांचा, आबांचा दाब मोजला तेव्हा आबांचा हात कुठे होता? शेळीच्या पाठीवर. मी साक्षीदार आहे. म्हणजे आबांना रक्तदाब नाहीच. सातवी पास बाईला टेबल सापडले नाही म्हणून एक धडधाकट माणूस दोन वर्षे गोळ्या खातो आहे.

गोळ्यांचा डबा माझ्या पेटीत ठेवून कुलूप लावले. मायला कारण समजावून सांगितले. माय म्हणाली, बरं. इतक्या सहज पटेल असे वाटले नव्हते.

५ नोव्हेंबर, बुधवार

हातात घालायचे घड्याळ पार्सलने आले. पावले, नाडी, झोप, सगळे मोजते आणि माझ्या मोबाइलवर पाठवते. आबा म्हणाले, हे काय, मी नवरदेव हाय का? मी शांतपणे सांगितले की रोज किती चालता ते यातून कळेल. आबा म्हणाले, चालणंच मोजायचंय व्हय? मग दे. घोंगडीखाली धरून घेऊन गेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पावले २३,४१२! संशोधनाप्रमाणे सात हजारांतही पुष्कळ फायदा होतो. वय एकसष्ट. अशा माणसाला गोळी देत होते!

माझी स्वतःची पावले ६४०. वाचन करणाऱ्यांचा संशोधकांनी वेगळा विचार करायला हवा.

९ नोव्हेंबर, रविवार. सायं. ६.३०

कळप परत आला होता. आबा माझ्यासमोर ओट्यावर बसून चहा पीत होते. हातातली बशीसुद्धा हलत नव्हती. तेवढ्या वेळात मोबाइलवर तीनशे दहा पावले वाढली. क्षणभर घाबरलो. मग विचार केला. बसल्या जागी होणाऱ्या बारीक हालचालींनाही अलीकडे महत्त्व देतात. आबा वरून स्थिर दिसतात एवढेच.

घड्याळ नीट बसले आहे का पाहू म्हटले, तर आबांनी घोंगडी आवळली. म्हणाले, हाय रे, बराबर हाय.

मान दुखते आहे. उशीचा दोष.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आबांची झोप : एक तास चाळीस मिनिटे, एकवीस तुकड्यांत. नाडी ९६. आबा म्हणतात, पडलो की कोंबड्यालाच उठतो. अडाणी माणसाला स्वतःची झोपही कळत नाही. यंत्राला कळते.

सकाळच्या कॉफीबद्दल संशोधन बरे बोलते. आबांना करून दिली. एक घोट घेऊन त्यांनी पेला शेळीपुढे धरला. तिनेही तोंड फिरवले, असे माय सांगत होती. मी पाहायला गेलो नाही. शेळ्यांपासून माणसाला होणाऱ्या आजारांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. त्यांचा वाडा माझ्या खोलीच्या भिंतीला लागून आहे, तेवढा संबंध पुरे.

आबांच्या झोपेच्या काळजीने मी दोनपर्यंत जागा. निश्चय : रोज ठरल्या वेळी झोपणे. उद्यापासून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नीलाबाई आल्या. त्यांना हाताच्या जागेचे संशोधन वाचून दाखवले. घरात टेबल नाही, म्हणून पेटीवर माझी बारावीची पुस्तके रचली आणि आबांचा हात त्यांवर ठेवायला लावला. १२६/८०! बारा दिवस गोळी नाही आणि हा आकडा. पुस्तके शेवटी उपयोगी पडली.

हरल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. अंगद, तुझे डोळे काहून लाल? डोकं दुखतं का? ये, तुझा बी बघू. मी सांगितले की मी रुग्ण नाही, निरीक्षक आहे. नंतर त्या आणि माय चुलीपाशी बसून बराच वेळ हसल्या. अज्ञानात माणूस आनंदी असतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. स. ८.४०

आत्ता उठलो. मोबाइल पाहिला.

५.१० नाडी १७१.
५.१२ नाडी १८३.
५.१४ संपर्क तुटला.

आबा घरात नाहीत. माय नाही. आबांना फोन लावला, तो खुंटीवरच वाजला.

गोळी बंद करून सतरा दिवस झाले. मी बंद केली. हे वाक्य मी खोडणार नाही.

८.५२. १०८ ला फोन केला. पत्ता दोनदा सांगितला.

त्याच दिवशी, दुपारी

अक्षर खराब आहे, गाडीत लिहितो आहे.

अँब्युलन्स आली. डॉक्टर बाई, ड्रायव्हर आणि मी माळाकडे निघालो. माय बाभळीखाली बसली होती, भोवती शेळ्या. गाडी पाहून म्हणाली, कोण मेलं? मी विचारले, आबा कुठे आहेत? माय म्हणाली, ते तर पहाटंच टेम्पोनं कळमनुरीच्या बाजाराला गेले, हौशीला घिऊन. हौशी म्हणजे कळपापुढे चालणारी शेळी. मी ओरडून सांगितले की आबांची नाडी १८३ होती. माय म्हणाली, ती हौशीची असंल. घड्याळ तिच्या गळ्यात हाय, घंटीसंगं बांधलेलं. टेम्पोत चढवताना लई उधळली बिचारी.

मी विचारले, काहून? हा शब्द मी लिहिताना वापरत नाही.

माय म्हणाली, कळपाचं चालणं म्होरक्यावरनंच धरतेत. ती पुढं, तुझे आबा मागं. तिचं मोजलं म्हंजे यांचं मोजलं. त्यात काय चुकलं?

ड्रायव्हर खाली वाकून बुटाची लेस बांधू लागला. बराच वेळ बांधत होता.

मी गोळीचे विचारले. माय म्हणाली, रोज देते की भाकरीसंगं. तुझ्या पेटीतल्या तुझ्यापाशी राहू दिल्या. नीलाबाईनं त्याच दिशी दुसऱ्या आणून दिल्या. १२६/८० चे श्रेय कोणाचे, ते मी सध्या लिहीत नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, आलोच आहोत तर तुमचा दाब बघू, तुमचे डोळे लाल दिसतात. मी म्हणालो, हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. घडी घातलेल्या चादरीवर माझा हात ठेवला. १७२/१०८. मी सांगितले की डॉक्टर पाहूनही काहींचा दाब वाढतो, तसे संशोधन आहे. त्या म्हणाल्या, तेही बरोबर. पाच मिनिटे गप्प बसवले. पाय जमिनीला, पाठ टेकलेली. पद्धतीत मला एकही चूक काढता आली नाही. १६८/१०६.

आता हिंगोलीला नेत आहेत. गाडी वळवायला जागा हवी म्हणून मायने शेळ्या बाजूला घेतल्या. एक शेळी शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आलो. हिंगोलीच्या दवाखान्यात काल तीनदा आणि आज सकाळी दोनदा माझा दाब मोजला. त्यांच्याकडे टेबलही होते.

आबा कालच बाजारातून परतले होते. घड्याळ आणले नाही. विकलेल्या जनावराच्या गळ्यातले काढून घ्यायचे नसते, अशी आमच्यात रीत आहे. घेणाऱ्याला वाटले, जातिवंत शेळी दिसते.

पेटीचे कुलूप काढले. दवाखान्याने मला दिलेल्या चिठ्ठीवरचे गोळीचे नाव डब्यातल्या पाकिटाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. तीच गोळी. मायने भाकरीसोबत दिली, आबांना एक, मला एक.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. आबा म्हणाले, मग पहाटं चल माळावर. हौशी गेली, म्होरक्याची जागा रिकामीच हाय.

मी म्हणालो, बरं.