इराचं संगीत आणि दाराजवळची खुर्ची

तीर्थस्वरूप आक्कास,

गुडघे वाकेनात, तरी बर्मिंगहॅमहून साष्टांग नमस्कार.

तब्येत ठीक, थकवा तेवढा जात नाही. काल आपल्या इराच्या कार्यक्रमात तिचं ‘डूम मेटल’ संगीत ऐकलं. इथल्याच एका कामगाराची बोटांची टोकं कारखान्यात तुटली, त्यानं गिटारच्या तारा सैल केल्या, आणि हा जड, उदास सूर निघाला म्हणे. लय इतकी विलंबित, की दोन ठोक्यांत माझी संध्या उरकावी.

पण जमीन थरथरली आणि मी बाहेर पळालो. आपण किल्लारीचे, पायाखाली हललं की आधी उघड्यावर!

इरा वाजवणं सोडून मागं आली. “बाबा, एवढं वाईट वाजवते मी?”

“न्हाई गं, भूकंप वाटला.”

तिनं मला दाराशी खुर्ची दिली, दार उघडं ठेवलं. शेवटपर्यंत बसलो.

तू अजून अंगणातच झोपतेस का?

तुझा धाकटा,
रेणुकादास