पाण्यातून गाळून आलेला धूर

चिकपेट, बेंगळूरु
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. तुंगाआत्या,

यशोवर्धनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं सध्या एवढ्याच कामाचं उरलं आहे. का ते पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गुंडूमामांना समोरच्या घरातली भांडणं नुसती ऐकू येत नाहीत, दिसतातही, असं आई म्हणत होती. ऐकून बरं वाटलं. संडूरला आता चांगली थंडी पडली असेल. इकडे बाबा दुकानात ठीक, आई देवघरात ठीक. हर्षिता आणि मी तेवढे ठीक नाही, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर आत्या, राग मानू नका, तुम्ही फोन उचलला की आधी स्पीकर लावता. मग मामा ऐकतात, शेजारच्या बाई ऐकतात, मागच्या वेळी तर सिलिंडर आणून देणाऱ्या माणसानेही मला परीक्षेसाठी आशीर्वाद दिला. लांब मेसेज पाठवावा तर तो न वाचता तुम्ही हात जोडलेलं चित्र परत पाठवता. मी सांगणार आहे त्याला हात जोडलेलं चित्र चालणार नाही. मराठी आपण घरात बोलतो, पण लिहायची अक्षरं मी हिंदीच्या तासाला शिकलो, तेव्हा चुका पोटात घाला.

आत्या, मी हुक्का ओढत होतो. (हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, गॅलरीत जाऊन आलो आणि ते अजून तिथेच आहे.) तुमच्या लहानपणी ज्याला गुडगुडी म्हणत तीच वस्तू, फक्त आता काचेची, लांब नळीची, आणि तंबाखूला सफरचंदाचा नाहीतर पुदिन्याचा वास. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं. जयनगरला एका कॅफेत वर्गातले सगळे जायचे, मीही गेलो. पुढे सरकारने बंदी आणली आणि कॅफेतला हुक्का गेला. तेव्हा मला वाटलं होतं, चला, आपोआप सुटलं. पण माझा मित्र मंजुनाथ मारतहळ्ळीला फ्लॅट घेऊन राहतो, त्याने कुठूनसा एक हुक्का घरीच आणून ठेवला. शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण तिथे जमायचो. त्याच्या गॅसवर एका बाजूला सांबाराचा कुकर आणि दुसऱ्या बाजूला हुक्क्याचे कोळसे लाल होत असायचे. एकदा त्यातला एक निखारा घरमालकाच्या चटईवर पडला. त्या भोकावर मंजुनाथने टीपॉय सरकवला आणि मालक आले की तो त्या टीपॉयवर हात टेकून उभा राहायचा. आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो. हा धूर पाण्यातून गाळून येतो, म्हणजे धुतलेला धूर, असं माझं पक्कं मत होतं, आणि खाली पानपट्टीवर सिगारेट ओढणाऱ्यांकडे मी अगदी कीव करून बघायचो.

आता जे खरं सांगायचं ते. गेल्या जुलैत, हर्षिता आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आली त्याच्या पुढच्याच शनिवारी, आईने तिच्याजवळ माझा डबा पाठवला. (चित्रान्न होतं. मी घरी न जेवता बाहेर पडलो होतो.) ती मंजुनाथच्या फ्लॅटवर आली, डबा ठेवला, आणि त्या नळीकडे बघत म्हणाली, मलाही बघू दे. मी तिचा थोरला भाऊ. तिथे पाच जण बसलेले, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं नाही म्हणालो तर मी म्हातारा दिसेन. मी म्हणालो, "स्वल्प ओढून बघ, नुसता वास असतो." तिने ओढला आणि ती खोकली, इतकी खोकली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्ही सगळे हसलो. तीही हसली. मी ते तासाभरात विसरलोही. आत्या, मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, की मी विसरलो.

मध्यंतरी माझी हजेरी कमी भरली. आमच्या भूमिका मॅडम (सांख्यिकी शिकवतात, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते) म्हणाल्या, परीक्षेला बसायचं असेल तर माझ्या पाहणीत काम कर. पाहणी कसली, तर विद्यार्थी हुक्का किती ओढतात आणि सोडायची इच्छा किती आहे. हे काम त्यांनी मला दिलं, आणि मी ते घेतलं. वर्गावर्गात जाऊन फॉर्म वाटायचे, आधी दोन मिनिटं हुक्क्याच्या तोट्यांवर बोलायचं. मी बोलायचो, आणि शनिवारी मारतहळ्ळीला जायचो. एका वर्गात फुप्फुसांवर बोलता बोलता मला असा खोकला आला की वाक्य पुरं करता येईना. मुलांना वाटलं मी करून दाखवतोय. टाळ्या पडल्या. माझा स्वतःचा फॉर्मही मी भरला. सोडायची इच्छा शून्य ते दहापैकी किती, तिथे नऊ लिहिलं. दहा लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मग ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला बसलो. नावं नव्हती, तसा नियमच होता. दीडशेएक झाल्यावर एक फॉर्म हाती आला. मुलगी, वय अठरा, वाणिज्य पहिलं वर्ष, घरची भाषा मराठी. आठवड्यातून तीनदा. पहिल्यांदा कोणी दिला, याच्यापुढे लिहिलं होतं, अण्णा, हर्षिता मला म्हणते तेच. सोडायची इच्छा दोन. अक्षर बघून मी खात्रीने सांगितलं असतं की हे हर्षिताचं. मला ती जुलैतली दुपार पूर्ण आठवली, डब्याच्या झाकणावरच्या कोथिंबिरीसकट. मी तो फॉर्म काढून दप्तरात घातला. संध्याकाळी एक फॉर्म कमी भरला तेव्हा मॅडमनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी तो काढून दिला, सगळं सांगूनही टाकलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की फॉर्म वाचून तिला जाब विचारायचा तुला अधिकार नाही. तुझ्याबद्दल मात्र तिला तू हवं ते सांगू शकतोस.

तेव्हा मी ठरवलं, आधी आपण सोडायचं. मग तिला सांगायला तोंड राहील. हे पाच दिवस टिकलं. लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, डोकं ठणकत राहिलं. बाबांच्या दुकानात बसलो तर एका बाईंनी पोपटी साडीवर ब्लाउजपीस मागितला, मी बाटलीसारखा गर्द हिरवा काढून दिला आणि त्यांनी तक्रार केल्यावर म्हणालो, दोन्ही हिरवेच आहेत. चिकपेटेत तीन पिढ्या कापड विकणाऱ्या घरातला मुलगा हे बोलला, म्हणून बाबा त्या दिवशी जेवलेच नाहीत. आईला वाटलं मी कुणाच्या प्रेमात पडलो. तिने दोनदा दृष्ट काढली, आणि त्या मिरच्यांच्या धुराने मला हुक्क्याची आठवण जास्तच झाली.

सहाव्या दिवशी, शनिवारी, मी मारतहळ्ळीला गेलो. नुसतं बसायला, असं बसमध्ये स्वतःला सांगत होतो. दार उघडलं तर आत हर्षिता बसलेली, तिच्या वर्गातली मनस्विनी बरोबर होती, आणि नळी हर्षिताच्या हातात. ती दचकली नाही. मला बसायला जागा केली, नळीचं टोक ओढणीने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं, जसं घरी मला पाण्याचा पेला देते तसं. आणि आत्या, मी घेतलं. मी ओढलं. हे मला तुमच्यापासून लपवता आलं असतं.

तिथून निघून आम्ही दोघं पुलाजवळच्या बसस्टॉपवर येऊन बसलो. एक बस गेली, दुसरी गेली. मॅडमनी बजावलं होतं तरी माझ्या तोंडून फॉर्मचं निघून गेलं. ती म्हणाली, "तो माझा नव्हे. माझ्या फॉर्मवर मी 'मैत्रीण' लिहिलं. तू ते मोजतोस हे मला माहीत होतं."

तिने मला सांभाळून घेतलं होतं, आणि ज्या फॉर्मने मी हादरलो तो दुसऱ्याच कुणा मुलीचा होता, कुणा दुसऱ्या अण्णाची बहीण. (कोण ते मला कळलं असं वाटतं, पण या वेळी मी विचारलं नाही.) मी एवढंच म्हणालो की त्या दिवशी मी तुला द्यायला नको होता.

"मागितला मी," ती म्हणाली.

"मागितलास. तरी द्यायला नको होता."

मग तिने एक एक करून सांगितलं. खो-खोच्या निवडीतून ती बाद झाली तेव्हा घरी घोटा मुरगळला म्हणून सांगितलं होतं. घोट्याला काही झालं नव्हतं. दुसऱ्या पाळीला तिला श्वासच पुरला नाही. चिकपेटेच्या मेट्रोतून वर येताना ती मध्येच फोन बघायला थांबते, ते फोन बघायला नव्हे. तुम्ही तिला सातव्या वर्षी संडूरच्या शाळेच्या मैदानावर खांब मारायला शिकवलात, आत्या. ते मी दोन मिनिटांत घालवलं, पाच जणांपुढे म्हातारा दिसू नये म्हणून. तिने रडून वगैरे दाखवलं नाही. शेवटी म्हणाली, "तू सोडणार असशील तर मी सोडते. पण भाषण नको. तुझं भाषण मी वर्गात बसून ऐकलंय."

आज त्याला एकोणतीस दिवस झाले. दोघांनीही हात लावलेला नाही. मंजुनाथ अजून ओढतो, पण आम्ही गेलो तर कॉफी करून देतो आणि नळी न्हाणीघरात नेऊन ठेवतो. त्याच्यावर मला रागवता येत नाही, त्याला मी कधी नको म्हटलंच नव्हतं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तुमचे धाकटे भाऊ, तुमच्यासमोर त्यांचा आवाज चढत नाही, एवढं मी लहानपणापासून बघत आलो आहे. मामांना नमस्कार. तुम्ही माझ्याबद्दल आता काय विचार करता ते तुम्ही कळवाल तेव्हा कळवा, मी घाई करत नाही.

तुमचा,
यशोवर्धन

ता. क. खरं काम राहिलंच. नाताळच्या सुट्टीत हर्षिताला संडूरला बोलावून घ्या. मामांच्या डोळ्यांत औषध घालायला कोणीतरी हवं, असं काहीतरी बाबांना सांगा. सकाळी तिला मैदानावर न्या आणि पळवा, का ते तिला विचारू नका. माझी काळजी नको, मी आता ठीक आहे, अगदी सरी.

ता. क. २. पाकिटावर पत्ता हर्षिताकडून लिहून घेतो, तिचं अक्षर बरं. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नाही.

आत्या, हर्षिताचा नमस्कार. वाचलं. अण्णा मागच्या शनिवारी गेला होता, त्याच्या शर्टाला पुदिन्याचा वास होता. मी काही विचारलं नाही, कारण त्याच्या आदल्या मंगळवारी मीही गेले होते. त्याला हे माहीत नाही. पाकीट बंद करायच्या आधी तो सगळं परत वाचतो, म्हणून इथेच लिहिते. आज रविवार, आजपासून पुन्हा पहिला दिवस धरते. मी येते, पण त्यालाही बोलवा, तो पुढे पळत असेल तरच मी पळेन. गाद्या दोन घाला.