हिरवी चोळी

सणसर, माघ, १९९६

शैला, पोरी, सुखात ऱ्हा.

तुला दिवस गेल्याचं बारामतीच्या स्टँडवर तुझ्या मैत्रिणीकडनं कळलं. पहिल्या खेपेला हिरवी चोळी आईनं द्यायची असती, म्हणून कापड आणलं. तू पळून जाऊन लगीन केल्यापासनं तुझे आबा घरात तुझं नाव काढू देत न्हाईत. ते उसाला पाणी द्यायला गेले की मी मशीनवर बसायची.

कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरच्या कागदावर कापलेलं तुझ्या चोळीच्या मापाचं कटिंग मी जपून ठेवलं होतं. पण आता तुझं अंग किती भरलंय, मला कसं कळावं? सगळीकडनं कापड वाढवून ढगळच कापली.

आज शिवून झाली. कुठं ओढती का बघावं म्हणून मीच अंगात घातली आणि दाराकडं पाठ करून आरशात बघत होते. तेवढ्यात आबा आले. पाठमोरीच बघून हळूच म्हणाले, "कवा आलीस, बाय?"

मी वळले. तसे ते दारात काढलेल्या चपला तितंच ठेवून अनवाणीच रानात परत गेले.

तुझा पत्ता माझ्याकडं न्हाय. आता त्यांनाच सांगते, शोधून आणा.

चोळी घडी करून बसलेली,
तुझी आई