खडीतलं गवत आणि यंदाचा नाच

२ ऑगस्ट
खडीचं अंगण खरं कितीला पडलं? पैसे सोडा. चोपून, सारवून घट्ट केलेलं खळं गेलं. सौ.शी मे महिन्यापासून निम्मं बोलणं गेलं. आता गवत काढताना कंबरही जाणार. मिळालं काय, गुडघाभर गवत. भाट्याच्या एका रिसॉर्टात पंप बसवायला गेलो आणि तिथल्या खडीवर भाळलो. गाढव मी.

४ ऑगस्ट
लांज्याच्या ठेकेदाराला फोन. "खाली कापड घातलंय, गवताचा बापसुद्धा येणार नाही, म्हणालास ना?" तर शांतपणे विचारतो, "आंब्याची आढी कुठं घातली होतीत?"
खडीवरच. आढीचा पेंढाही तिथंच झाडला. तो कुजला, त्यातलं भात उगवलं, मागून सगळं रान.
फोन ठेवता ठेवता कोणाला तरी म्हणाला, "पंपवाल्यांनी अंगणात शेती केलीय." मला ऐकू जाणार नाही असं वाटलं त्याला. पंपाचं बेअरिंग वाजलं तर मी रस्त्यावरून ओळखतो!

८ ऑगस्ट
संताप. वाडीच्या जाखडी नाचाचा म्होरक्या बाबू, लहानपणचा सोबती, दारात उभा राहून सांगतो, "अप्पा, यंदा गणपतीत तुमच्याकडं नाच नाय."
का?
"गवतात फुरसं असलं तर? पोरं अनवाणी नाचतात."
अरे, घरात खायला नव्हतं तेव्हा मी याच नाचात पायात चाळ बांधून नाचलोय. आणि आता माझंच घर टाळणार?
"साफ करा, येतो."
करतो. गणपतीआधी काडी दिसणार नाही.

१३ ऑगस्ट
तणनाशक आणलं. सौ.नं बाटली उचलून माळ्यावर टाकली. "विहीर दिसते ना? कातळातनं सगळं तिच्यात उतरणार. आधी तुम्ही प्या, मग फवारा."
बरोबर बोलली, म्हणून जास्त राग आला. विळा लावावा तर दगडावर धार जाते. हातानंच उपटणं आलं.

१९ ऑगस्ट
पाऊस थांबेना. डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसतो. ओढलं की पानं हातात, मुळं खडीखाली तशीच. नखं लाल.
विहिरीकडं खडी कमी पडली होती, तिथं हरळी माजलीय. तीही काढायला बसलो तर सौ. मधे उभी. "दूर्वा काय लांज्याहून मागवू? हिला हात लावायचा नाही." कडाक्याचं भांडण. तो हिरवा डाग राहिला. राहू दे, म्हटलं. मरू दे.

२५ ऑगस्ट
झालं! एकट्यानं, माणूस न लावता. पावसानं धुतलेली खडी चकचकतेय. अख्ख्या वाडीत असं अंगण नाही. बाबूला फोटो पाठवला. उत्तर एवढंच: "येतो."

२९ ऑगस्ट
आले. ढोलकी घुमली, गण सुरू झाला आणि दुसऱ्याच फेरीला एकजण कळवळून एका पायावर. मग दुसरा.
बाबू म्हणाला, "अप्पा, खडी हाय की खिळे?"
मी भडकलो. "गवत काढा म्हणालास, काढलं. आता खडीपण काढू?"
"काढा की!" आतून सौ.
सगळे हसले. मी सोडून. ढोलकी गळ्यातून उतरली तेव्हा वाटलं, गेले. कोणापुढं कधी हात जोडले नाहीत, आज जोडणार होतो.

३० ऑगस्ट
काल पुढचं लिहवलं नाही. गेले नाहीत. नाच झाला, चांगला रंगला, विहिरीकडच्या हरळीवर.
सौ. सकाळपासून विचारतेय, खडी कधी उचलायची.
माझ्या साफ केलेल्या खडीवर काल नाचणाऱ्यांच्या चपला होत्या.