अप्पांच्या कानांसाठी गिटार

४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! गिटार घ्यायची. ठरलं म्हणजे ठरलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आज अप्पांच्या दोन्ही कानांत नवी मशिनं बसवली. "बोलणं छान ऐकू येईल. गाण्याचं मात्र सांगत नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल." अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं, त्या धडधडीने कानांची वाट लागली. पण घरी आले की हातपाय धुऊन गिटार घ्यायचे. मला त्यांनीच शिकवली. आता चार वर्षं झाली — मी वाजवायला बसले की उठून जातात. "तू वाजव गं, मला नुसती खुडबुड ऐकू येते."

मग बाई म्हणाल्या, एक डबी मिळते. गिटारला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा तुकडा, असेल तर त्याची वायर त्या डबीत खोचायची, की आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये! हवेचं कामच नाही. "पण पिकअप चांगला हवा. कचरा आत गेला तर कचराच ऐकू येणार."

 परतताना बसमध्ये अप्पांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मी बघितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जुन्या गिटारला पिकअप बसत नाही. दुरुस्तीवाल्याने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हिचं पोट फुगलंय. हिला आता आराम करू द्या." उद्धट मेला! पण खरं बोलला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोक्याला भुंगा लागलाय. पिकअप ऐकतो म्हणजे नक्की काय ऐकतो? आज दातांच्या लॅबमध्ये मशीनवर कवळ्या घासताना दिवसभर हाच विचार. एक कवळी जरा जास्तच घासली, खालच्या दाढा गुळगुळीत. साहेब म्हणाले, "या बाईंना आता सूपच प्यायला सांगू का?"

८ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेले. मालक दाढीवाला, बोलायला गोड. मी पर्समधून दातांचा छोटा आरसा काढला आणि गिटारच्या भोकात घातला, तर बघतच राहिला! पण मला आतून बघायचंच होतं. वरची फळी अखंड लाकडाची असेल तर भोकाच्या कडेवर लाकडाच्या रेघा तशाच आत उतरतात. प्लायची असेल तर थर दिसतात. तीन गिटारी तिथेच बाद केल्या. दाढीवाला म्हणाला, "ताई, वीस वर्षांत माझ्या गिटारींचे दात कुणी तपासले नव्हते."

आणि पिकअप! केवढी गंमत आहे. एक असतो तारांखालच्या पांढऱ्या पट्टीच्या खाली, तो तारांचा दाब ऐकतो. दुसरा आतून फळीला चिकटवलेला, तो लाकूड ऐकतो — गिटारवर टिचकी मारली तर तीही स्पीकरमधून येते. तिसरा म्हणजे आत लटकवलेला बारीकसा माइक. तो सगळंच ऐकतो, माझा श्वाससुद्धा! एकच गिटार, तीन कान. तासभर आलटूनपालटून वाजवत बसले. भूक लागल्याचंही कळलं नाही.

फक्त एक खटकलं. सगळ्यांचाच आवाज झोपाळलेला. वरचे सूर उठतच नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

भाची म्हणते, "आत्या, मायक्रोवेव्ह केव्हाचा टूं टूं करतोय!" त्याचा आवाज बिघडलाय, तीन वेळा सांगून झालं. या घरात माझं ऐकतं कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

घेतली!! अखंड फळीची, मध्यम अंगाची, मांडीवर छान बसते. त्यात दोन पिकअप, पट्टीखालचा आणि माइक, आणि दोन्ही हवे तेवढे मिसळायला बटणं.

आवाज लावायला मात्र दाढीवाल्याला घाम फोडला. "ट्रेबल वाढवा, वरचे सूर उठू देत." वाढवलं. "अजून." त्याने तोंड वाकडं केलं. "ताई, कानात सुई घुसतेय हो." मी म्हटलं, सुई नाही, हा सूर आहे! वडिलांना कमी ऐकू येतं, त्यांना स्वच्छच हवं. शेवटी बटण टोकापर्यंत नेलं तेव्हा कुठे गिटार जागी झाली. बटणावर लाल पेनाने खूण करून घेतली, घरी हलायला नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

डबी जोडली. अप्पा खुर्चीत ताठ, परीक्षेला बसल्यासारखे.  ऐकू आलंच नाही तर? ते पुन्हा उठून गेले तर? मग मला परत विचारायची हिंमत झाली नसती.

पहिलीच तार छेडली. अप्पांनी डोळे मिटले. दुसरी. तिसरी. मग म्हणाले, "अगं, सूर आहे हा! पत्रा नाही!" आणि हात पुढे केला. गिटार मागितली! चार वर्षांनी. बोटं अडखळत होती, पण जुनी चाल निघाली. मी रडले. ढसाढसा रडले, लिहायला लाज कसली!

थांबल्यावर मात्र म्हणाले, "पण हे वरून सारखं सूं… कसलं गं? आणि बोट सरकलं की चर्र होतं."

मला तर काही ऐकू येत नव्हतं. म्हटलं, मशीनचं असेल. सवय होईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाचीने गिटार स्पीकरला लावली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "ई! आत्या, किती सूं सूं करतेय!" म्हणजे पिकअपच खराब. गोड बोलून गळ्यात मारला! दाढीवाल्याला उद्या बघतेच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तावातावाने गेले. त्याने गिटार लावली, वाजवली. मग माझ्या लाल खुणेवरचं बटण हळूच मध्यावर आणलं.

"बघा ताई, गेला तो सूं सूं आवाज. पिकअप चोख आहे."

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकही म्हणालं, "हां, आता बरं वाटलं."

मी हो म्हटलं. गिटार उचलून घरी आले. काय गेलं ते मला कळलंच नव्हतं. गिटार परत झोपली, एवढंच कळलं.

रात्री जेवले नाही. मायक्रोवेव्हसमोर उभी राहून तो तीन वेळा लावला, कान देऊन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पाच मला कानाच्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, कवळ्या घासते. मशीनवर. तेवीस वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझेच कान तपासले. कागदावरची माझी रेघ अप्पांच्या रेघेसारखीच, उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, जाऊन खाली पडते. अप्पांनी ती बराच वेळ पाहिली. मग कागदाची घडी खिशात घातली आणि म्हणाले, "बटणं आता मी लावीन. तू फक्त वाजव."